झाड आपल्या आवारातले, करवत मात्र विचारून

मुंबई महापालिकेच्या वृक्षगणनेत शहरातली झाडे भरली 29,75,283. त्यांतली रस्त्याकडेची 1,85,333 आणि उद्यानांतली 1,01,067. म्हणजे 'महापालिकेचे झाड' म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, ती सगळी मिळून तीन लाखही होत नाहीत. सरकारी आवारांत सव्वाअकरा लाख. बाकीची 15,63,701 झाडे खासगी आवारांत उभी आहेत. कुणी सोसायटीच्या कुंपणाआड, कुणी बंगल्याच्या परसात, कुणी दोन चाळींमधल्या चिंचोळ्या पट्टीत. मुंबईतल्या निम्म्याहून अधिक झाडांचे बरेवाईट आयुक्त ठरवत नाहीत. ते सोसायटीची कमिटी, तिचा सेक्रेटरी आणि त्याने बोलावलेला झाडवाला ठरवतो.

आणि या मंडळींची एक समजूत पक्की असते: जागा आपली, झाड आपण लावलेले, पाणी आपण घातले, मग तोडायला कोणाला विचारायचे? महाराष्ट्रातल्या शहरांत या प्रश्नाचे उत्तर गेली 50 वर्षे कायद्याच्या पुस्तकात आहे. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975' हे त्याचे लांबलचक नाव. त्याचे आठवे कलम सांगते, की जमीन स्वतःच्या मालकीची असो वा दुसऱ्याची, वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणीही झाड तोडू नये किंवा तोडवून घेऊ नये. 'स्वतःच्या मालकीची' हे शब्द कायद्याने मुद्दाम घातले आहेत. पळवाट नेमकी तिथूनच निघणार, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक असावे.

आपल्याकडे झाडांच्या रक्षणाचा विषय निघाला की रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा दाखला हटकून दिला जातो. आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये. एखादे जीर्ण, फळ न देणारे झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्यातला आशय. दाखला सुंदर आहे, पण आजच्या कायद्याशी त्याची जोड लावताना एक गोष्ट निसटते. आज्ञापत्र मालकाच्या झाडाला सरकारपासून वाचवत होते. 1975 चा कायदा त्याच झाडाला मालकापासून वाचवतो. तिथे मालकाची संमती लागत होती, इथे मालकालाच संमती घ्यावी लागते. रयतेच्या झाडाला तिच्या लेकरासारखे जपणारी ती नजर आणि पार्किंगच्या दोन जागांसाठी जांभूळ पाडायला निघालेली आजची सर्वसाधारण सभा, यांच्यामध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे, आणि हा कायदा त्या सभेसाठी आहे.

कायद्यात 'झाड तोडणे' याची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा पोहोचवणे, हे सगळे तोडण्यातच धरले आहे. त्यामुळे काही ठिकाणी गुपचूप चालणारे उद्योग 'आम्ही तर कुऱ्हाड लावलीच नाही' म्हणून सुटत नाहीत. बुंध्याला भोके पाडून आम्ल ओतणे हा त्यातला एक. दुसरा अधिक साळसूद आहे: खोडाभोवती वीतभर रुंदीची साल गोलाकार सोलून काढायची. पानांनी तयार केलेले अन्न सालीखालच्या थरातून मुळांकडे जाते. ती वाट चारही बाजूंनी तुटली की मुळे उपाशी पडतात आणि काही महिन्यांत उभे झाड वाळते. मग 'वाळलेले झाड आहे, धोकादायक आहे' असा अर्ज रीतसर जातो. इमारत पुनर्विकासाला जायच्या सुमारास काही आवारांतली झाडे एकाएकी कशी वाळू लागतात, हे कोडे फारसे अवघड नाही.

फांद्यांची छाटणीही याच व्याख्येच्या कक्षेत येते, आणि सर्वसामान्य माणूस अडखळतो तो इथे. झाड पाडायला परवानगी लागते हे आता बहुतेकांना माहीत असते. खिडकीसमोरची फांदी उतरवायलाही ती लागते, हे सांगितले की लोक हसतात. दिल्लीत या प्रश्नाने न्यायालय गाठले होते. तिथे 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी 15.7 सेंटिमीटरपर्यंत घेराच्या फांद्या विनापरवानगी छाटायला मुभा दिली होती. घेर 15.7 म्हणजे व्यास जेमतेम 5 सेंटिमीटर, मनगटाएवढी फांदी. पण अशा 'किरकोळ' छाटणीच्या नावाखाली निवासी वस्त्यांतली झाडे बोडकी होऊ लागली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्या सूचना रद्द केल्या. मूळ कायद्यात अशी सूट नसताना ती मागच्या दाराने देता येणार नाही, हा त्यामागचा विचार.

परवानगीची वाट महाराष्ट्रात साधारण अशी आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा; व्यवहारात तो प्रभाग किंवा विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्यात जातो. सोसायटीच्या आवारातले झाड एखाद्या सदनिकाधारकाचे नसते, ते संस्थेचे असते. म्हणून अर्ज संस्थेच्या नावाने, कमिटीच्या ठरावासह द्यावा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी परस्पर केलेल्या अर्जातून पुढे भांडणेच निघतात. कारण स्पष्ट लिहावे. 'कचरा पडतो' हे कारण नव्हे, पाने पडणारच. त्यानंतर पाहणी होते. झाड पाडायचे असेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते आणि त्या झाडावर दिसेल अशा जागी नोटीस चिकटवली जाते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही हरकत घेता यावी. प्राधिकरणाला निर्णयासाठी 60 दिवसांची मुदत असते. परवानगी हातात पडली तरी त्यानंतर 15 दिवस झाडाला हात लावायचा नसतो. या 15 दिवसांची लोकांना सर्वांत जास्त चीड येते, पण कायद्यातली मला सर्वांत शहाणी वाटणारी तरतूद तीच. पाडलेले झाड परत उभे करता येत नाही. हरकत घेणाऱ्याला न्यायालयापर्यंत पोहोचायला तेवढे तरी दिवस हवेत.

2021 च्या दुरुस्तीने या कायद्याला दात आले. पूर्वी विनापरवानगी तोडलेल्या झाडामागे दंड 1 हजार ते 5 हजार रुपये होता. आठवड्यापासून वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूदही होती, पण पाच हजार ही रक्कम बांधकामाच्या खर्चात कोणाच्या लक्षातही येत नसे. ती आता झाडामागे 1 लाखापर्यंत गेली. प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरला जातो, म्हणजे पाच झाडांचे पाच गुन्हे. याच दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. कायदा झाला त्या 1975 साली कोणी गृहनिर्माण संस्थेच्या दारात आंबा लावला असेल, तर तो 2025 मध्ये वारसा वृक्ष झाला. मुंबई-पुण्यातल्या त्या काळातल्या कितीतरी वसाहतींना आपल्या दारात 'वारसा' उभा आहे, याची कल्पनाही नसेल.

दुरुस्तीतला आणखी एक नियम कागदावर फार देखणा दिसतो. जेवढ्या वयाचे झाड तोडाल तेवढी नवी झाडे लावा, तीही सहा-आठ फुटी, आणि सात वर्षे जगवा. 60 वर्षांचा पर्जन्यवृक्ष गेला तर 60 रोपे. पण सोसायटीच्या आवारात 60 झाडे मावणार कुठे? ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या टेकडीवर किंवा राखीव भूखंडावर लावली जातात. हिशेब जुळतो. ज्या गल्लीची सावली गेली, तिच्या वाट्याला मात्र ऊन येते. पुनर्रोपणाचेही तसेच. मोठे झाड मुळासकट उचलायचे तर त्याची बहुतेक बारीक मुळे आणि फांद्यांचा पसारा आधी छाटावा लागतो. पाणी शोषणारी मुळे तीच असतात. कोवळ्या झाडाला हे झेपते. साठीच्या झाडाचे पुनर्रोपण हा बहुधा मनाच्या समाधानाचा कार्यक्रम असतो.

देशाच्या पातळीवर न्यायालयांचा रोखही कडक होत चालला आहे. झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षाला 74,500 रुपये या हिशेबाने त्याचे मोल धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2021 मध्ये सुचवले होते. मार्च 2025 मध्ये मथुरेजवळच्या प्रकरणात 454 झाडे विनापरवानगी तोडल्याबद्दल त्याच न्यायालयाने झाडामागे 1 लाख रुपये दंड कायम केला. त्या 454 पैकी 422 झाडे खासगी जमिनीत होती.

नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीबाहेर हा कायदा लागू नाही. तिथे 1964 चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा कायदा आहे, आणि तो 16 जातींच्या अनुसूचीवर चालतो: साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ वगैरे. गावच्या घराच्या मागे फणस तोडायचा असेल तर तो आपलाच आहे म्हणून भागत नाही.

गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा खासगी जमिनीलाही लागू आहे. जिवाला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका असेल तर मालकाने झाड पाडावे आणि 24 तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवावे, अशी व्यवहार्य सोय त्यात आहे. पण त्या कायद्यात झाड म्हणजे खोडातून फांद्या फुटणारी काष्ठमय वनस्पती, आणि माडाला तर फांद्या नसतात! जानेवारी 2016 मध्ये सरकारने माडाला झाडांच्या व्याख्येतून वगळले. वनस्पतिशास्त्राने माड हे झाड नव्हे, असे समर्थनही झाले. बांधकामांना आणि उद्योगांना वाट मोकळी करून देण्यासाठी हे चालले आहे, असा आरोप करत लोक रस्त्यावर उतरले. शेवटी 2017 मध्ये माड पुन्हा व्याख्येत आला, आणि वर राज्य वृक्ष म्हणून जाहीर झाला.

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तर काय, हा प्रश्न कायद्याहून जुना. इंग्रजी न्यायपरंपरेतला 1894 चा लेमन विरुद्ध वेब हा निवाडा इथे आधाराला घेतला जातो. आपल्या हद्दीवर लोंबणारी फांदी शेजाऱ्याला हद्दीपर्यंत कापता येते, मात्र पलीकडे पाऊल टाकायचे नाही, असे त्याचे सार. 1919 च्या दुसऱ्या एका निवाड्यात अशी फांदी कापणाऱ्याने तिच्यावरची सफरचंदेही विकली होती. न्यायालयाने सांगितले, फांदी कापायचा हक्क तुझा, फळे झाडाच्या मालकाची, पैसे भर. आंब्याच्या दिवसांत कुंपणावरून चालणाऱ्या वादांना हे लागू पडण्यासारखे आहे. पण हा हक्क फक्त दोन शेजाऱ्यांमधला आहे. तो वृक्ष प्राधिकरणाची परवानगी माफ करत नाही. फांदी आपल्या बाजूची असली तरी झाड तेच, आणि इजा झाडालाच होते.

एवढी सगळी कागदपत्रे झाल्यावरही झाड वाचेल याची खात्री नाही, कारण परवानगीच्या कागदावर 'छाटणीस मान्यता' लिहिलेले असते. फांदी नेमकी कुठे कापायची, हे लिहिलेले नसते. आणि शहरांतली झाडे जितकी परवानगीविना मरतात, तितकीच परवानगी घेऊन केलेल्या वाईट छाटणीने मरतात, असे माझे मत झाले आहे.

अॅलेक्स शायगो हे अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून आत काय होते ते पाहिले. माणसाची जखम भरून येते, झाडाची येत नाही, हे त्यांच्या कामाचे मध्यवर्ती सूत्र. झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती बांधून त्याला बंदिस्त करते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. जखम मोठी किंवा चुकीच्या जागी असेल तर भिंत पुरी होण्याआधीच बुरशी आत शिरते आणि खोड पोकळ होऊ लागते. बाहेरून मात्र पाने हिरवीगार.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे थोडा फुगवटा असतो, मानेवरच्या वळीसारखा. भिंत बांधायची सामग्री त्यात असते. कापायचे ते या फुगवट्याच्या अगदी बाहेर. खोडाला लागून सपाट कापले तर फुगवटाच जातो. हातभर खुंट ठेवला तर तो कुजत कुजत आत उतरतो. आपल्याकडे हे दोन्ही प्रकार सर्रास दिसतात. जड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून दीडएक फुटावर, खालून वर, अर्धाच. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. यात फांदीचे वजन खाली येते. तिसरा फुगवट्याजवळ, उरलेल्या खुंटाचा. पहिला काप टाळला तर फांदी आपल्याच भाराने फाटते आणि खोडाची साल लांबपर्यंत सोलत नेते. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याची आपली सवय शायगो यांच्या अभ्यासानंतर जगभरात बरीचशी सोडून देण्यात आली. त्याने कुज थांबत नाही.

याहून वाईट म्हणजे शेंडा मारणे. झाड 'आटोक्यात' ठेवायला वरून सरळ कापायचे. झाड घाबरून जिवाच्या आकांताने धुमारे फोडते आणि वर्षभरात ते पहिल्यासारखे दाट दिसते, म्हणून कमिटी खूश. पण हे धुमारे खोडाच्या फक्त वरच्या थराला चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांनी ते जड झाले की वादळात पहिले तेच तुटतात. म्हणजे धोका कमी करायला केलेली छाटणी नवा धोका पेरून जाते. एका वेळी झाडाच्या पसाऱ्याच्या पाव भागाहून जास्त काढू नये, असा संकेत आहे. इमारतीच्या बाजूचा सगळा भार उतरवून रस्त्याच्या बाजूचा तसाच ठेवला तर झाड रस्त्याकडे कलणार, हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. माडाचे गणित वेगळे: त्याला वाढीचा एकच कोंब. वाळक्या झावळ्या आणि नारळ उतरवणे एवढीच त्याची छाटणी. शेंडा गेला की माड संपला.

धोका खरा असतो, हेही मान्य करायला हवे. जुलै 2017 मध्ये चेंबूरला सकाळी चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि दोन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. झाडाबद्दल आधी अर्ज गेला होता आणि पाहणीत ते ठीक ठरले होते, असे तेव्हा बातम्यांत आले. नुसत्या नजरेच्या पाहणीला मर्यादा असतात. लाकडात बारीक सुई घालून आतली घनता मोजणारी यंत्रे आहेत. मोठ्या, जुन्या झाडासाठी त्यांचा खर्च करणे शहाणपणाचे. रहिवाशांनाही काही खुणा ओळखता येतात: बुंध्याशी उगवलेली अळंबी, एका बाजूची उचललेली माती, पूर्वी नव्हता तो कल, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात पडलेली भेग. अशी खूण दिसली की तारखेसह फोटो काढून लेखी कळवावे. पावसाळ्यापूर्वी मुंबई महापालिका सोसायट्यांना आवारातली झाडे तपासून घेण्याच्या नोटिसा काढते, त्या कागदाला केराची टोपली दाखवणारी कमिटी पुढे जबाबदारीतून सहज सुटत नाही.

धोक्याचे मूळ बऱ्याचदा पायाशी असते. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट बुंध्याला भिडवले की मुळांना ना हवा मिळते ना पाणी. शिवाय गटार, जलवाहिनी किंवा कुंपणाची भिंत यांसाठी खणताना एका बाजूची मुळे तुटतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. झाड कोसळते तेव्हा दोष वाऱ्याला. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या आवारात तेवढे आळे मोकळे ठेवायला कोणाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची? त्याला परवानगीही लागत नाही.

राहिला पक्ष्यांचा प्रश्न. पावसाळ्याच्या तोंडाशी बगळे, वंचक आणि पाणकावळे मोठ्या झाडांवर वसाहती करतात, खाली गाड्यांवर शिट पडते आणि छाटणीचे अर्ज वाढतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि घरट्यांना त्रास देणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात सप्टेंबर 2022 मध्ये महामार्गासाठी घरट्यांसह झाड पाडले गेले, पिल्ले मेली आणि गुन्हे दाखल झाले. झाडाची परवानगी असणे हा त्यावर बचाव नाही.

म्हणून अर्ज मे महिन्यात करू नका, जानेवारी-फेब्रुवारीत करा. तेव्हा उद्यान खात्यात गर्दी कमी असते, बगळ्यांची घरटी नसतात आणि पाहणीला, नोटिशीला, मुदतीला वेळ उरतो. झाडवाला शिडी लावायच्या आधी परवानगीची प्रत मागून वाचा. कोणते झाड आणि किती, हे तीत लिहिलेले नसेल, किंवा फांदी कुठे कापणार हे त्याला सांगता येत नसेल, तर त्या दिवशी काम सुरू करू देऊ नका.